सतरा नंबरची विहीर आणि तुझा एसओपी

ताई, सप्रेम नमस्कार.

मी लातूर जिल्ह्यातली. वय पंचवीस. सिव्हिल इंजिनियरिंग झालं, मग दोन वर्षं पुण्यात एका आयटी कंपनीत टेस्टिंग केलं. ते सोडून गेली दीड वर्षं आमच्याच भागात पाण्यावर काम करणाऱ्या एका संस्थेत आहे. आता पाणी याच विषयात परदेशात मास्टर्स करायचं ठरवलंय. नेदरलँड्समध्ये डेल्फ्टला एक आणि अमेरिकेत तीन ठिकाणी अर्ज करणार आहे. बाकी कागदपत्रं तयार आहेत, एसओपी (अर्जासोबतचा 'स्टेटमेंट ऑफ पर्पज', म्हणजे हेतू सांगणारा निबंध) अडलाय. चार मसुदे झाले. ज्यांना दाखवते ते म्हणतात, "छान आहे, पण सेंट्रल थीम नाही."

सांगण्यासारखं बरंच आहे आणि त्याचाच घोळ होतोय. कॉलेजात एनएसएसची प्रतिनिधी होते. विद्यापीठाच्या संघातून कबड्डी खेळले. शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट फ्लाय अ‍ॅशच्या काँक्रीटवर होता, त्याला बक्षीस मिळालं. कंपनीत 'स्टार परफॉर्मर' होते. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी आलं तेव्हा माझी दहावीची परीक्षा नुकतीच झाली होती. चारही मसुदे त्या रेल्वेपासूनच सुरू होतात.

संस्थेत मी दर महिन्याला चाळीस विहिरींची पातळी मोजते. त्यातली सतरा नंबरची विहीर आणि शेजारची अठरा यांच्यात एक बांध आणि साठ-सत्तर पावलं, पण सतरात मार्चपर्यंत पाणी असतं आणि अठरा नंबरची जानेवारीतच तळ दाखवते. जवळच प्लास्टिक अंथरलेलं मोठं शेततळं आहे. मला वाटलं, ते भरायला उपसा होतो म्हणून अठरा आटते. तसं मी सरांना सांगूनही टाकलं. नंतर शनिवार-रविवारी स्वतः जाऊन तासातासाला मोजलं, तर शेततळ्याचा पंप बंद असतानाही अठराची पातळी उतरत होती. मग कळलं, सतरावाल्यांनी विहिरीच्या आत आडवे बोअर मारलेत. त्या आजोबांना विचारलं तर म्हणाले, "पाण्याचा सात-बारा निघतो का, पोरी?" असो, विषयांतर झालं.

आमच्याकडचा एक कन्सल्टंट म्हणतो, थीम 'रेझिलियन्स' (संकटातून पुन्हा उभं राहणं) ठेव. दुष्काळ, गरिबी, वडिलांचं कर्ज हे नीट मांड, कमिटीला ते भिडतं. कर्ज होतं हे खरं, पण लिहायला हात धजत नाही. थीम नेमकी शोधायची कशी? आणि कबड्डीचं लिहू की नको?

श., लातूर

प्रिय श.,

तुझं पत्र दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा हातात पेन्सिल घेऊन. एनएसएसला तू एक वाक्य दिलंस, कबड्डीला एक, बक्षीसवाल्या प्रोजेक्टला एक, 'स्टार परफॉर्मर'ला एक. रेल्वेला फार तर दोन. विहिरींना मात्र आठ. आणि त्या आठांनंतर तू चक्क माफी मागितलीस: "असो, विषयांतर झालं." अगं, माफी मागायचीच होती तर आधीच्या परिच्छेदाबद्दल मागायचीस.

तुला वाटतंय थीम सापडत नाहीये. मला वाटतं ती तुझ्या हातातच आहे, फक्त तू तिला थीम मानायला तयार नाहीस, कारण ती दिसायला तशी भारदस्त नाही. थीम म्हटलं की आपल्याला एखादं वजनदार नाम हवं असतं. जिद्द, नेतृत्व, समाजसेवा, नाहीतर तुझ्या कन्सल्टंटचं ते रेझिलियन्स. ही सगळी गुणांची नावं झाली. गुणावर लिहायला बसलं की माणूस पुरावे गोळा करत सुटतो. मग कबड्डी येते, एनएसएसचं शिबिर येतं, बक्षीस येतं, आणि प्रत्येक परिच्छेद "यातूनही माझी जिद्द दिसून येते" असं म्हणत संपतो. शाळेच्या निबंधाच्या वहीत हे खपून जायचं. शिवाय जिद्द कुणाकडे नसते? अर्ज करणाऱ्या प्रत्येकाकडे असते, निदान अर्जात तरी.

अशा निबंधाला बांधून ठेवतो तो एखादा प्रश्न. ज्याचं उत्तर तुला अजून पुरतं माहीत नाही, आणि जो सोडवून दे असं तुला कुणी सांगितलेलं नाही, असा. तुझ्या पत्रातला शनिवार-रविवार बघ. महिन्याला एकदा मोजणं ही तुझी नोकरी होती. सुट्टीच्या दिवशी विहिरीच्या काठावर बसून तासातासाला टेप सोडणं नोकरीत नव्हतं, आणि त्याचे पैसेही तुला कुणी दिले नसणार. तरी गेलीस. का गेलीस, हे एका वाक्यात सांगता आलं तर ते वाक्य म्हणजे तुझी थीम. मी माझ्यापुरता प्रयत्न केला, तो असा: एकाच खडकातलं पाणी दोन शेजारी उपसतात, तेव्हा कुणाच्या उपशाने कुणाची विहीर आटली हे मोजून सांगता येईल का? हे वाक्य माझं आहे, तू जसंच्या तसं उचलू नकोस. तुझं वेगळं येईल आणि ते यापेक्षा अचूक असेल, कारण विहीर तू पाहिलीस.

माझाच एक किस्सा सांगते. १९९१ साली मीही परदेशी अर्ज केले होते, अर्थशास्त्राला. टाइप करून घेतलेला निबंध, विषय 'स्त्रियांचा आर्थिक उद्धार'. त्यात सगळं होतं: देशाची लोकसंख्या, साक्षरता, माझी वक्तृत्वाची बक्षिसं. चार ठिकाणांहून नकार आला. पुढच्या वर्षी चिडून, म्हणजे आता काय ते जाऊ दे अशा मनाने, मी आमच्या वाड्यातल्या भिशीबद्दल लिहिलं. बारा बायका दर महिन्याला पैसे काढायच्या. बँक चौकात, चालत दोन मिनिटांवर, आणि तिथे व्याजही मिळायचं. भिशीत एक पैसा व्याज नाही, वर एखादीने बुडवले तर गेले. तरी भिशी का? माझ्या मावशीला विचारलं तर ती म्हणाली, "बँकेत ठेवले की पासबुक घरी येतं, आणि पासबुक सगळ्यांना वाचता येतं." त्या एका वाक्याभोवती मी दीड पान लिहिलं. उद्धार हा शब्द त्यात एकदाही आला नाही. दोन ठिकाणी प्रवेश मिळाला. पुढे पैशाची जुळवाजुळव झाली नाही आणि मी गेले नाही, ती गोष्ट वेगळी. पण पहिल्या निबंधात माझा विषय मोठा होता आणि मी त्यात कुठेच नव्हते. दुसऱ्यात विषय बारा बायकांएवढा होता, आणि प्रश्न विचारणारी मुलगी मात्र स्पष्ट दिसत होती.

आता तुझ्या रेल्वेकडे येऊ. ती काढून टाक असं मी म्हणते तेव्हा तुला वाईट वाटेल हे मला कळतं. तुमच्या जिल्ह्याच्या आठवणीतली ती फार मोठी गोष्ट आहे. पण विचार कर, लातूर भागातून पाणी या विषयासाठी अर्ज करणारं प्रत्येक पोर कुठून सुरुवात करणार? रेल्वेपासूनच. ती रेल्वे तेव्हा सगळ्या वर्तमानपत्रांत होती. तू तेव्हा फलाटावर होतीस का? घरी टँकरच्या नंबरासाठी कुणी रात्री जागत होतं का? तसं काही तुझं स्वतःचं असतं तर ते तू मला लिहिलं असतंस. तू लिहिलंस ते एवढंच, की दहावीची परीक्षा झाली होती. म्हणजे ती तुझ्या निबंधात आहे ती वजनापुरती. एक मात्र आहे: डेल्फ्टमधल्या वाचणाऱ्याला लातूर कुठे आहे हे ठाऊक नसेल. त्याला परिस्थितीचा अंदाज यावा म्हणून मध्ये कुठेतरी एक वाक्य घाल, की २०१६ मध्ये या शहराला रेल्वेने पाणी आणावं लागलं. एकच वाक्य, आणि लगेच परत विहिरीकडे. सुरुवात सतरा आणि अठरापासून कर. साठ-सत्तर पावलांच्या अंतरावर दोन विहिरी, एकीत मार्चपर्यंत पाणी आणि दुसरी जानेवारीत कोरडी: हे वाचून जगातला कुणीही पाण्याचा अभ्यासक पुढचं वाक्य वाचणारच.

यानंतर जे सांगणार आहे ते तुला कदाचित उलटं वाटेल. तू चुकलीस तो भाग निबंधात हवा. शेततळ्यावर आळ घेतलास, सरांना सांगूनही टाकलंस, आणि नंतर तुझ्याच मोजणीने तुला खोटं पाडलं. आपल्याकडे चूक लपवायची सवय असते, अर्जात तर फारच. पण संशोधनाकडे नेणाऱ्या अभ्यासक्रमासाठी विद्यार्थी निवडणाऱ्याला याहून चांगलं काय दिसणार? हिने अंदाज केला, अंदाज तपासला, तो कोसळल्यावर तो सोडून दिला आणि कारण शोधत राहिली. हे सगळं गुणांची नावं न घेता चार वाक्यांत दिसतं. (आणि हो, शेततळं पूर्ण निर्दोष आहे असंही लगेच लिहू नकोस. तुझ्या मोजणीने एवढंच दाखवलं की पंप बंद असतानाही पातळी उतरते. तेवढंच लिही. नेमकेपणा हा इथे शिष्टाचार आहे.)

माझा विषय अर्थशास्त्र, खडकातलं मला काही कळत नाही. म्हणून तुझं पत्र, नावगाव न सांगता, माझ्या एका मैत्रिणीला वाचून दाखवलं. ती आयुष्यभर भूगर्भशास्त्र शिकवत आली. आडव्या बोअरपर्यंत आल्यावर ती खुर्चीत पुढे सरकली. म्हणाली, उपशाने आजूबाजूची पातळी किती उतरेल हे काढायचं जे सूत्र विद्यार्थ्यांना पहिल्यांदा शिकवतात ते थाइस या अमेरिकी भूजलतज्ज्ञाचं, १९३५ सालचं. त्यात गृहीत काय धरलंय, तर जमिनीखालचा पाण्याचा थर सगळीकडे एकसारखा आहे आणि चहूकडे अमर्याद पसरलेला आहे. आपला दख्खनचा बेसाल्ट तसा कुठे आहे? लाव्हाचे थर एकावर एक. काळ्या पाषाणात पाणी जवळजवळ नाहीच. जे काही आहे ते वरच्या मुरमात, सच्छिद्र थरांत आणि भेगांत. एक भेग इकडून तिकडे गेली तर दोन विहिरी सख्ख्या बहिणी, नाही गेली तर साठ पावलांवरही अनोळखी. "मग या मुलीला तिच्या प्रश्नाचं उत्तर पुस्तकातल्या सरळ सूत्राने मिळणार नाही," ती म्हणाली, "आणि म्हणूनच तिला पुढे शिकायला हवं."

हे ऐकलं आणि मला तुझ्या निबंधाचा उत्तरार्ध दिसला. बहुतेकांचे एसओपी इथेच गळपटतात. पूर्वार्धात स्वतःची कहाणी, उत्तरार्धात विद्यापीठाची स्तुती, आणि दोघांचा एकमेकांशी संबंध नाही. तुझ्या बाबतीत प्रश्नच तुला पलीकडे घेऊन जातो. सतरा आणि अठरापर्यंत टेपने पोचता आलं. पुढे काय अडलं? पंपिंग टेस्ट, म्हणजे पाणी उपसत राहून पातळी कशी उतरते ते मोजणं, शास्त्रशुद्ध कशी घ्यायची ते येत नाही. भेगाळ खडकाचं संगणकी मॉडेल कसं करतात ते माहीत नाही. पाणी कुठून आलं हे त्यातल्या समस्थानिकांवरून (एकाच मूलद्रव्याच्या कमी-जास्त वजनाच्या अणूंवरून) ओळखता येतं असं ऐकलंय, केलेलं नाही. हे जिथे शिकवतात, तो अभ्यासक्रम आणि तो शिकवणारी माणसं शोध, त्यांचं एखादं काम खरोखर वाच, आणि मग त्यांची नावं घे. चारही अर्जांत पूर्वार्ध जवळपास तोच राहील. उत्तरार्ध प्रत्येक ठिकाणी नव्याने लिहावा लागेल, त्याला इलाज नाही. डेल्फ्टच्या अर्जात "आपली संस्था १९५७ पासून पाण्याचं शिक्षण देत आहे" असलं काही लिहू नकोस; त्यांना ते माहीत आहे.

तुझ्या कामातली आणखी एक गोष्ट वापर. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा राज्यभरातल्या निरीक्षण विहिरी वर्षातून चारदा मोजते. एवढ्या मोठ्या राज्यासाठी ते ठीकच आहे. पण तुझी अठरा नंबरची विहीर ऑक्टोबरच्या आणि जानेवारीच्या मोजणीच्या मधल्या काळातच उतरत असेल, तर वर्षातून चार आकडे घेऊन ती कुणामुळे उतरली ते कधीच कळणार नाही. तुझ्याकडे दर महिन्याचे आकडे आहेत, आणि काही दिवसांचे तर तासातासाचे. इतकी बारीक नोंद फार थोड्या अर्जदारांकडे असेल. ती नुसती आहे असं सांगून थांबू नकोस. तिच्यातून काय दिसलं ते सांग.

आता कात्री. एनएसएस गेली, 'स्टार परफॉर्मर' गेला. फ्लाय अ‍ॅशबद्दल तुला एक मोह होणार आहे, आधीच सावध करते. काँक्रीटमधून पाणी किती झिरपतं हे तू त्या प्रोजेक्टमध्ये तपासलं असशील, आणि आता खडकातून पाणी कसं झिरपतं हा तुझा प्रश्न आहे, तेव्हा दोन्ही जोडता येतील असं रात्री दोन वाजता तुला फार सुंदर वाटेल. सकाळी परत वाच. तो प्रोजेक्ट करताना विहिरी तुझ्या डोक्यात होत्या का? नसतील तर तो सांधा ओढूनताणून केलेला आहे आणि वाचणाऱ्याला ते कळतं. आयुष्यात सगळंच एका दोऱ्यात ओवलेलं नसतं, आणि तसं ते असल्याचं भासवायची गरजही नसते. बक्षीस रेझ्युमेत आहे, तिथे ते शोभतं. टेस्टिंगची दोन वर्षं मात्र ठेव, पण दोन-तीन वाक्यांत. इंजिनियर होऊन आयटीत गेली, मग सोडलं, हा खड्डा कुणालाही दिसणारच, त्यामुळे तो तू स्वतः सांगितलेला बरा. शिवाय टेस्टिंग म्हणजे काय, तर चालतंय असं दिसणारी गोष्ट खरंच चालतेय का ते बघणं. शेततळ्याचा तुझा अंदाज तू तपासलास त्यात त्या सवयीचा थोडाफार हात असणार. असेल तर तसं लिही. नसेल तर नुसतं "डेटा हाताळायला शिकले" एवढंही पुरे.

वडिलांच्या कर्जाचं. तुझा हात धजत नाही ना, मग लिहू नकोस. यात मला काही संदिग्ध बोलायचं नाही. घरातलं दुःख अर्जात विकायला काढायला सांगणारे सल्लागार मी बरेच पाहिले आहेत, आणि त्यांनी लिहून घेतलेले निबंध एकाच साच्यातले असतात: पहिल्या परिच्छेदात कोरडी जमीन, दुसऱ्यात आईचं मंगळसूत्र गहाण, तिसऱ्यात निर्धार. खरं असलं तरी खोटं वाटायला लागतं. अमेरिकेतल्या काही विद्यापीठांत, कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कलेला उदाहरणार्थ, दोन वेगळे निबंध मागतात: एक अभ्यासाच्या हेतूबद्दल आणि दुसरा स्वतःच्या पार्श्वभूमीबद्दल. तुझ्या तीनपैकी कुणी असा दुसरा मागत असेल, तर घरच्या परिस्थितीने शिक्षणात काय अडवलं हे तिथे सांगायला जागा आहे. तेही तुला वाटलं तर, आणि वडिलांना विचारून.

हेतूवरून आठवलं. आपल्याकडच्या सगळ्यात प्रसिद्ध प्रवेश-अर्जाबद्दल तू शाळेत ऐकलं असशील, पण तो अर्ज म्हणून वाचला नसशील. १८८३ साली आनंदीबाई जोशी यांनी फिलाडेल्फियाच्या विमेन्स मेडिकल कॉलेजला पत्र लिहिलं. वय अठरा. रीतसर शाळेचं शिक्षण म्हणावं तर फारसं नाही. दहा दिवसांचं मूल गेल्याचं दुःख पाठीशी. आणि त्या पत्राचा कणा काय, तर एक साधी, तपासून बघता येईल अशी गोष्ट: माझ्या देशातल्या बायका पुरुष डॉक्टरकडून उपचार घेण्यापेक्षा मरण पत्करतात, त्यांना उपचार मिळायला हवेत, ते मला शिकायचं आहे. पुढे त्या म्हणतात की स्वतःसाठी मी काही मागत नाही. या कामाला लायक होण्यापुरतं जे लागेल ते मागते. पत्राची भाषा त्या काळाची आहे, मोठी, देवाधर्माची आठवण करणारी. तिची नक्कल तू करू नकोस, आज ती अंगावरच्या उसन्या शालूसारखी दिसेल. पण पत्राची हाडं बघ. कोणती अडचण, ती कुणाची, आणि ती सोडवायला मला काय शिकावं लागेल. १८८६ मध्ये त्या डॉक्टर झाल्या.

आता प्रत्यक्ष लिहायचं कसं. पहिला मसुदा मराठीत लिही. हसू नकोस, गंभीरपणे सांगतेय. इंग्रजीत लिहायला बसलं की बोटांखालून तयार वाक्यं आपोआप येतात, आणि हल्ली तर यंत्रच ती पुरवतं. "आय हॅव ऑल्वेज बीन पॅशनेट अबाउट वॉटर." इंग्रजीत हे वाक्य गुळगुळीत दिसतं म्हणून आपल्याला ते चांगलं वाटतं. तेच आईला मराठीत सांगून बघ: "मला लहानपणापासून पाण्याची तीव्र ओढ आहे." आई तांब्या भरून आणून देईल. मराठीत तुला असलं काही लिहिताच येणार नाही. तू लिहिशील की बांधावरून गेले, टेप सोडला, पाणी लागल्याचा आवाज यायला वेळ लागला. हे सगळं आधी मराठीत उतरव, मग इंग्रजी कर. इंग्रजी साधं झालं, वाक्यं आखूड झाली तरी चालेल.

आणि विहिरीला विहीरच राहू दे. "माझं जीवनही एका विहिरीसारखं आहे" या रस्त्याला चुकूनही लागू नकोस. विहिरीची खोली आणि ज्ञानाची खोली वगैरे. थीम सापडली की ती प्रत्येक परिच्छेदात दाखवायची हौस येते. गजऱ्यातला दोरा दिसायला लागला तर गजरा सैल आहे असं आपण म्हणतो. सतरा-अठराचा प्रश्न सुरुवातीला स्वच्छ मांडलास, मध्ये तो कुठे अडला ते सांगितलंस, आणि शिकून काय करणार तिथे त्याच्याकडे परत आलीस, की झालं.

शिकून काय करणार, हे मात्र नीट विचार करून लिही. "परत येऊन देशसेवा करीन" असं सगळेच लिहितात. बरेच परत येत नाहीत आणि वाचणाऱ्यांना ते ठाऊक असतं. तू एखादी छोटी, डोळ्यांपुढे येईल अशी गोष्ट सांग. हिवरे बाजारला ग्रामसभेपुढे दरवर्षी पाण्याचा ताळेबंद मांडतात आणि उपलब्ध पाण्यावरून कोणती पिकं घ्यायची ते ठरतं. तो हिशेब अख्ख्या गावाचा असतो. तुझा प्रश्न त्याच्या एक पायरी खाली उतरतो, दोन शेजाऱ्यांमधल्या पाण्यापर्यंत. असा हिशेब ग्रामसभेत मांडायचा कसा, आणि तो मांडल्यावर सतरावाले आणि अठरावाले एकमेकांची डोकी फोडणार नाहीत याची काळजी कशी घ्यायची? हा दुसरा भाग कोणत्याही मॉडेलमध्ये नाही. त्याचं उत्तर तुझ्याकडे नसणारच. तो प्रश्न तुला दिसतो एवढं वाचणाऱ्याला कळलं तरी पुष्कळ झालं. तुझ्या आजोबांचं सात-बाऱ्याचं वाक्य इथे ठेव. परक्या वाचकाला सात-बारा म्हणजे जमिनीच्या मालकीचा उतारा, हे चार शब्दांत समजावून सांगावं लागेल, पण तेवढी किंमत त्या वाक्यासाठी द्यायला हरकत नाही. फक्त त्यांचं नाव, गाव, गट नंबर काही येऊ देऊ नकोस. सतरावाले आजोबा त्यांच्या समजुतीप्रमाणे स्वतःच्याच विहिरीत बोअर मारत होते. परदेशी कमिटीपुढे त्यांना खलनायक करायचं काही कारण नाही.

एक व्यवहाराची गोष्ट. शिफारसपत्र देणाऱ्या सरांना निबंधाचा मसुदा वाचायला दे, आणि ज्या दिवशी तू येऊन "मी चुकले, शेततळ्याचं नाही" असं सांगितलंस तो दिवस त्यांना आठवतो का ते विचार. आठवत असेल तर त्यांनी तो त्यांच्या शब्दांत लिहावा. तुझ्या मेहनतीपणाबद्दल ते दोन परिच्छेद लिहिणार असतील, तर त्यातला एक या प्रसंगाला द्यायला सांग. तीच घटना दोन बाजूंनी आली की अर्जाला वजन येतं. कन्सल्टंटला पैसे आधीच दिले असशील तर व्हिसाच्या कागदांसाठी त्याचा उपयोग करून घे.

कबड्डी रेझ्युमेत, एका ओळीत. मात्र अमेरिकेतल्या एखाद्या मुलाखतीत कुणी विचारलंच, तर श्वास कोंडून समोरच्याच्या हद्दीत जाऊन परत येण्याचा हा खेळ समजावून सांगायची तयारी ठेव. लोकांना ते ऐकायला फार आवडतं.

मराठी मसुदा झाला की पाठव. शब्द मोजू नकोस, लांबला तर लांबू दे, कापायला मी आहे. आणि त्यात अठरा नंबरची विहीर किती परस खोल आहे ते लिहायला विसरू नकोस. पत्रात ते राहिलंय आणि माझी मैत्रीण दोनदा विचारून गेली.

तुझी,
ताई